बाईच्या अंगातली कणगी

रात्रीचा साक्षरता वर्ग संपला. वह्या पिशवीत गेल्या. पण बाया उठेनात. त्या दिवशी नर्सबाई गावात मुक्कामाला होत्या आणि त्या वर्गात येऊन बसल्या होत्या.

एक बाई मागे भिंतीला टेकून बसली होती. वय असेल चाळिशीच्या आत. दरसाल दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाणारी. ती हळूच म्हणाली,

"नर्सबाई, एक विचारू का? चार वर्षं झाली, माझी पिशवी काढली. तवापासून पोट लई सुटलंय. हातपाय होते तसेच. खाते तर तेवढीच भाकर. मग हे पोट काहून वाढतं?"

दुसरी एक म्हातारी हसून म्हणाली, "अगं, माझी तर पिशवी जागच्या जागी हाय. पाळी गेली अन् पोट आलं. बाईच्या जातीचं असंच असतं."

नर्सबाई म्हणाल्या, "आत्याबाई, असंच असतं हे खरं. पण काहून असतं, ते समजून घेतलं तर पुढचं दुखणं टाळता येतं. बसा थोडा वेळ."

त्या रात्री नर्सबाईंनी जे सांगितले, तेच या पाठात लिहिले आहे.

चरबी म्हणजे काय?

चरबी म्हटले की आपण नाक मुरडतो. पण चरबी वाईट नाही. चरबी ही अंगातली कणगी आहे.

सुगी झाली की आपण ज्वारी कणगीत भरतो. पुढे पाऊस लांबला, हाताला काम नसले, तर कणगीतले काढून खातो. शरीरही तेच करते. खाल्लेले अन्न कामाला लागते. उरलेले चरबी होऊन साठते. उपास पडला, दुखणे आले, की शरीर त्या साठ्यातून खर्च करते.

ही चरबी लहान लहान पेशींत साठते. पेशी म्हणजे शरीराचा अगदी बारीक कण. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. चरबीच्या प्रत्येक पेशीत तेलाचा एक थेंब असतो. साठा वाढला की थेंब मोठा होतो आणि पेशी फुगते. साठा खर्च झाला की पेशी आकसते.

चरबी आणखीही कामे करते. थंडीत ऊब देते. आतल्या नाजूक भागांना धक्का लागू देत नाही. म्हणून चरबी अजिबात नसणे हेही दुखणेच आहे.

कणग्या दोन आहेत

अंगात चरबीच्या मुख्य जागा दोन.

पहिली जागा कातडीखाली. मांडी, कुल्ले, दंड, पोटाची कातडी यांखाली चिमटीत धरता येते ती चरबी.

दुसरी जागा पोटाच्या आत. आतड्यांभोवती आणि यकृताजवळ. ही चरबी चिमटीत येत नाही. ती आतून पोट पुढे ढकलते.

पहिली कणगी ओसरीवर ठेवल्यासारखी आहे. तिच्यापासून त्रास थोडा. दुसरी कणगी चुलीला खेटून ठेवल्यासारखी आहे. आतड्यांभोवतालच्या चरबीतून सुटलेले तेल रक्तावाटे थेट यकृतात जाते. यकृत म्हणजे शरीराचे स्वयंपाकघर. तिथे तेलाचा लोट आला की कारभार बिघडतो. रक्तातली साखर वाढते. रक्तदाब वाढतो. हृदयाच्या नळ्यांत पुटे चढतात.

म्हणून अंगावर चरबी किती आहे, एवढेच विचारून भागत नाही. ती कुठे आहे, हेही विचारावे लागते.

ही गोष्ट फ्रान्स देशातले एक डॉक्टर, जाँ व्हाग, यांनी १९४७ साली मांडली. त्यांनी पाहिले की जाड माणसे दोन तऱ्हेची असतात. काहींची चरबी पोटावर आणि वरच्या अंगात. हे बहुतेक पुरुष. काहींची चरबी मांडीवर आणि कुल्ल्यावर. या बहुतेक बाया. साखरेचे आणि हृदयाचे दुखणे पहिल्या तऱ्हेत जास्त.

बाईची चरबी खाली आणि पुरुषाची पोटावर, असे का?

अंगातले निरोपे

शेतकऱ्याला एक गोष्ट चांगली माहीत आहे. गोऱ्हा ठेचला की त्याचे अंग बदलते. वळूची मान आणि वशिंड भरदार असते. बैलाचे तसे नसते. बैल शांत होतो. खच्ची केलेला बोकड अंगाने भरतो, त्याच्यावर चरबी चढते.

चारा तोच, गोठा तोच. मग बदल कशाने? जो भाग निकामी केला, त्यातून एक रस रक्तात जात होता. तो रस सगळ्या अंगाला निरोप देत होता. रस थांबला, निरोप थांबला, अंग बदलले.

माणसाच्या अंगातही असे रस आहेत. डॉक्टर त्यांना हार्मोन म्हणतात. पुस्तकात संप्रेरक असा शब्द येतो. आपण त्यांना निरोपे म्हणू. गावात जसा कोतवाल दवंडी देत फिरे, तसे हे रस रक्तातून अंगभर फिरतात.

बाईच्या ओटीपोटात गर्भाची पिशवी असते. पिशवीच्या दोन्ही अंगांना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. पिशवी वेगळी, अंडाशये वेगळी. हे नीट लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पिशवीत मूल वाढते. अंडाशयांत बीज तयार होते आणि तिथूनच बाईचे निरोपेही निघतात. त्यांतले मुख्य दोन. एकाचे नाव ईस्ट्रोजेन. दुसऱ्याचे नाव प्रोजेस्टेरॉन. ईस्ट्रोजेन जातीचा रस १९२९ साली पहिल्यांदा शुद्ध रूपात हाती आला. अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडोल्फ बुटेनांट या दोघांनी तो वेगवेगळा शोधला.

हा निरोप चरबीला काय सांगतो?

लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्या अंगात चरबीचा फरक थोडाच असतो. मुलगी वयात येते तेव्हा अंडाशये जागी होतात. ईस्ट्रोजेन रक्तात येते. मग मुलीची छाती भरते. मांड्या आणि कुल्ले भरतात. ही चरबी जास्त खाल्ल्याने आलेली नसते. निरोप आलेला असतो, म्हणून ती आलेली असते.

चरबीच्या पेशींना या निरोपाचे जणू कान असतात. कान असतील तिथेच हाक ऐकू येते. ईस्ट्रोजेनची हाक ऐकून मांडी-कुल्ल्याच्या पेशी साठा धरून ठेवतात, सहज सोडत नाहीत. पोटाच्या आतली कणगी त्या मानाने रिकामी राहते.

ईस्ट्रोजेन मेंदूलाही निरोप देते. त्याने भूक थोडी आवरली जाते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पुष्कळ बायांना भूक जास्त लागते, गोडधोड खावेसे वाटते. त्याचे एक कारण हेच, की त्या दिवसांत निरोप्यांचे माप बदललेले असते.

शास्त्रज्ञांनी याची परीक्षा उंदरांवर केली. मादी उंदराची अंडाशये काढली. ती जास्त खाऊ लागली, कमी हिंडू लागली आणि जाड झाली. मग तिला ईस्ट्रोजेन टोचले. तिचे वजन पुन्हा आवरले.

ही कणगी कशासाठी?

निसर्ग काही उगीच करत नाही. ही कणगी बाळासाठी आहे.

पोटात मूल असते तेव्हा आईच्या अंगात जास्तीचा साठा होतो. बाळंत झाल्यावर आई दूध पाजते. दूध तयार करायला शरीराला फार खर्च येतो. पहिले सहा महिने बाळ नुसत्या अंगावरच्या दुधावर असते. तेव्हा आईला रोज एका जेवणाइतके अन्न जास्त लागते. ते कमी पडले तर मांडी-कुल्ल्यावरची कणगी मोकळी होते. त्या दिवसांत निरोप बदलतो. एरवी घट्ट बसलेली चरबी बाळासाठी सुटू लागते.

उलट बाजूही आहे. मुलगी फार रोड असली, तर तिची पाळी उशिरा येते. बाईची फार उपासमार झाली, तर पाळी थांबते. शरीर म्हणते, कणगी रिकामी आहे, आता मूल नको. हा निरोप चरबीच मेंदूला धाडते. चरबीतून निघणारा लेप्टिन नावाचा रस १९९४ साली सापडला. तेव्हा कळले की चरबी नुसती साठवण नाही. तीही निरोप देते.

म्हणून मुलीला वाढीच्या वयात पोटभर द्या. "जाड होशील" म्हणून तिच्या ताटातले काढू नका. आणि घरात शेवटी, उरलेले खायची बाईची रीत सोडा.

पाळी जाते तेव्हा

आपल्या देशात बहुतेक बायांची पाळी पंचेचाळीस ते पन्नास या वयाच्या आसपास जाते. अंडाशये आपले काम थांबवतात. ईस्ट्रोजेन फार कमी होते.

निरोप बंद झाला की चरबी आपली जागा बदलते. मांडी-कुल्ल्यावर जायची ती आता पोटाच्या आत साठू लागते. आत्याबाई म्हणाल्या ते हेच.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. वजन वाढते ते सगळेच पाळी गेल्यामुळे नव्हे. वय वाढते, स्नायू कमी होतात, हिंडणे-फिरणे कमी होते, त्यानेही वजन वाढते. पण चरबी पोटाकडे वळते, त्याला निरोप बंद होणे कारण आहे.

याच सुमाराला हाडेही विरळ होऊ लागतात. कारण ईस्ट्रोजेन हाडांचीही राखण करते. अंगातून वाफा निघाल्यासारखे होते. रात्री घाम येतो. झोप मोडते. हे वेड नाही, बाहेरची बाधाही नाही. निरोप बदलल्याची ती खूण आहे.

पाळी असते तोवर बाईला हृदयाचे दुखणे पुरुषापेक्षा कमी होते. पाळी गेल्यावर तो आडोसा जातो.

आणखी एक. पाळी गेल्यावर चरबीच थोडे ईस्ट्रोजेन बनवू लागते. थोडे ठीक. पण बाई फार जाड असेल तर हा रस नको इतका बनतो. त्याने पिशवीच्या आतल्या अस्तराचा आणि स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. म्हणून पाळी जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा रक्त दिसले, तर "पाळी परत आली" म्हणून गप्प बसू नका. एकच डाग दिसला तरी दवाखाना गाठा.

पिशवी काढली तर?

आता त्या ऊसतोड बाईच्या प्रश्नाकडे येऊ.

आपल्या जालना जिल्ह्यातून, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून कितीतरी कुटुंबे दरसाल ऊसतोडीला जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यातून तर फारच जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम बुडाले की खाडा धरतात, पैसे कापतात. फडात न्हाणी नाही, संडास नाही, स्वच्छ पाणी नाही. पाळीच्या दिवसांत बाईचे हाल होतात. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. मग कुणी सांगते, "पिशवी खराब झाली, काढून टाका. नाहीतर कॅन्सर होईल." बाई घाबरते. खाड्याची कटकटही जाईल असे तिला वाटते. कर्ज काढून पिशवी काढली जाते.

२०१९ साली ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्रात गाजली. विधान परिषदेत राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी आकडा सांगितला. बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या होत्या. सरकारने चौकशी समिती नेमली. बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली होती. त्यांत चाळिशी न ओलांडलेल्याही पुष्कळ होत्या. पुढे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या राज्यांना सांगितले, की अशा गरज नसलेल्या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केलेले नियम अमलात आणा.

पिशवी काढणे नेहमीच चूक, असे नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, रक्त औषधाने थांबतच नसेल, तर शस्त्रक्रियेने जीव वाचतो. पण नुसते पांढरे पाणी जाते, ओटीपोट दुखते, एवढ्यासाठी पहिल्या भेटीतच पिशवी काढायची नसते. त्यातले पुष्कळ दुखणे गोळ्यांनी बरे होते.

आता मघाची गोष्ट आठवा. पिशवी वेगळी, अंडाशये वेगळी.

नुसती पिशवी काढली आणि अंडाशये ठेवली, तर पाळी थांबते, पण निरोप चालू राहतो. अंडाशये आपले काम करीत राहतात. काही बायांत मात्र ती नेहमीपेक्षा थोडी लवकर थकतात.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर निरोप त्याच दिवशी बंद होतो. पंचेचाळीस-पन्नासाव्या वर्षी हळूहळू व्हायचे ते तिशीत एका दिवसात होते. पोट सुटते. हाडे लवकर विरळ होतात. अंगातून वाफा निघतात. साखर आणि हृदयाचे दुखणे लवकर येण्याचा धोका वाढतो. पुढची वीस वर्षे कोयता चालवायचा, मोळी डोक्यावर उचलायची, ती अशा हाडांनी.

नर्सबाईंनी त्या बाईला विचारले, "ताई, तुमची अंडाशयं काढली का ठेवली?"

बाई म्हणाली, "ते काय मला ठावं नाही. कागद दिला व्हता. पेटीत हाय. तवा मला वाचता येत नव्हतं."

वर्गात कुणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कागद आणला. कागद इंग्रजीत होता. नर्सबाईंनी वाचला. पिशवी आणि दोन्ही अंडाशये काढल्याचे त्यात लिहिले होते.

"म्हणजे माझं पोट भाकरीनं नाही वाढलं?"

"नुसत्या भाकरीनं नाही, ताई. तुमच्या अंगातला निरोप बंद झालाय. तुमची चूक नाही. पण आता काळजी घेतली पाहिजे."

नर्सबाईंनी तिला जालन्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रियांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. कमी वयात दोन्ही अंडाशये काढलेल्या बाईला डॉक्टर तपासून ईस्ट्रोजेनची औषधे देऊ शकतात. साधारण पाळी जायचे जे वय, तिथपर्यंत ती चालवतात. ही औषधे सगळ्यांना चालत नाहीत. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झाला आहे, ज्यांच्या रक्तात गुठळ्या होतात, त्यांना ती देत नाहीत. म्हणून दुकानातून आपल्या मनाने घ्यायची नाहीत.

रोड माणसाचेही पोट

कुणी म्हणेल, "आम्ही कुठं जाड आहोत? ऊन्हातान्हात राबणारी माणसं." पण इथेही एक गंमत आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट दाखवून दिली. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी सुरू केली. तिथली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलो वजनाची होती. इंग्लंडमधली बाळे ३.५ किलोची. आपली बाळे इतकी लहान, स्नायूही कमी. पण कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला रोड, आतून चरबीदार!

याज्ञिकांनी २००४ साली आपला आणि एका इंग्रज डॉक्टरांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात शंभरात ९ भाग चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात शंभरात २१ भाग. काटा दोघांना सारखेच म्हणत होता. काट्याला चरबी दिसत नाही.

म्हणून आपल्या लोकांना थोड्याशा पोटानेही साखर होते. नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नका. टेपने कंबर मोजा.

कंबर कशी मोजावी?

शिंप्याकडे असतो तो टेप घ्या. सरळ उभे राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप गुंडाळा. श्वास सोडा. पोट आत ओढू नका. टेप आवळू नका. आकडा वाचा.

बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत. त्याहून जास्त असेल तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. तिशीपुढच्या माणसांची ही तपासणी आरोग्य उपकेंद्रात फुकट होते. आशाताईंना विचारा.

पण पोट भराभर वाढत असेल, हातपाय वाळत असतील, जेवण जात नसेल, तर ती चरबी नव्हे. पोटात पाणी किंवा गाठ असू शकते. लगेच दवाखान्यात जा.

पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी बाई जाड होते का?

हा प्रश्न बाया हमखास विचारतात. माला-डीसारख्या गोळ्यांत हेच दोन निरोपे असतात. पुष्कळ पाहण्या झाल्या. गोळ्यांनी वजन फार वाढते असे त्यांत दिसले नाही. सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून 'अंतरा' नावाचे तीन महिन्यांचे इंजेक्शन मिळते. त्याने मात्र काही बायांचे वजन थोडे वाढते. तसे झाले तर नर्सबाईंना सांगा. दुसरा उपाय मिळतो. भीतीने मधेच सोडून देऊ नका.

मग करायचे काय?

पोटाची चरबी पट्टा बांधून जात नाही. बाजारातल्या चूर्णानेही जात नाही. त्यात पैसे घालवू नका. उपास काढूनही भागत नाही. उपासाने आधीच थोडे असलेले स्नायू झिजतात.

ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही. भाकरीबरोबर वरण, मटकी, हरभरा, पालेभाजी वाढवा. साखरेचा चहा कमी करा. तळलेले, बिस्किटे, फरसाण कमी करा. हाडांसाठी दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला खा. तंबाखू आणि मिश्री सोडा. मिश्रीने हाडेही झिजतात.

शेतात काम असते तेव्हा अंग हलतेच. पण काम नसते त्या महिन्यांत रोज अर्धा तास भरभर चाला. चालल्याने पोटाच्या आतली चरबी आधी कमी होऊ लागते. कधी वजन तेवढेच राहते, पण कंबर कमी होते. तोही फायदाच.

आणि कुणी पिशवी काढा म्हटले, तर आधी हे चार प्रश्न विचारा :

१. मला नेमके कोणते दुखणे आहे? त्याची तपासणी कुठे लिहिली आहे?
२. आधी औषध देऊन पाहता येईल का?
३. अंडाशये ठेवणार का काढणार? काढणार असाल तर का?
४. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना विचारून येऊ का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. तो समजावून सांगतो. जो म्हणतो, "आजच्या आज करा, विचारायला वेळ नाही," आणि अंगातून भडाभडा रक्त तर जात नाही, तिथून उठून या.

सही करण्याआधी कागद वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत सांगा म्हणा. शस्त्रक्रियेनंतर मिळालेला कागद जपून ठेवा. जमिनीचा सातबारा जपता, तसा हा अंगाचा सातबारा आहे.

त्या ऊसतोड बाईने आपल्या वहीत त्या रात्री दोन शब्द लिहिले. एक पिशवी. दुसरा अंडाशय. जोडाक्षर नव्हते, पण हात कापत होता. मग शेजारी बसलेल्या आपल्या सुनेकडे वही सरकवून ती म्हणाली,

"हे दोन वेगळं असतंय. तू आत्ताच वाचून घे."

आठवून सांगा

१. चरबीला कणगी का म्हटले आहे?
२. पिशवी आणि अंडाशय यांत फरक काय?
३. पाळी गेल्यावर चरबी कुठे साठू लागते?
४. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांची कंबर मोजा आणि वहीत लिहा.